‘सूत्रांनी सांगितलं’, पण कोर्टाने विचारलं तर?

प्रश्न : टीव्हीवरच्या चर्चेत ‘मंत्रालयातल्या सूत्रांनुसार’ हे पालुपद सतत असते. या सूत्राचे नाव पत्रकाराला कोर्टात सांगावे लागते का? (एक वाचक, कामशेत)

उत्तर : लागू शकते. प्रेस कौन्सिल कायदा, 1978च्या कलम 15(2) नुसार पत्रकारावर सूत्राचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, पण हे संरक्षण फक्त कौन्सिलपुढच्या सुनावणीत. शिवाय कौन्सिलचा अंमल वृत्तपत्रांवर, चॅनेलवाले त्याबाहेरच. पुराव्याच्या कायद्यात वकिलाला संरक्षण आहे, बातमीदाराला नाही. विधी आयोगाने 1983मध्ये ते सुचवले होते. शिफारस कागदावरच राहिली.

पेगॅसस या हेरगिरी सॉफ्टवेअरच्या प्रकरणात ऑक्टोबर 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूत्रांचे संरक्षण महत्त्वाचे मानले, एवढाच दिलासा.

तुमच्या मावळात बातमी बहुधा जमिनीची असते. इथे मुरलेला बातमीदार सूत्राकडून फक्त गट नंबर घेतो. मग दुय्यम निबंधकाकडून इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), तलाठ्याकडून फेरफार (हक्कबदलाची नोंद) काढतो. बातमी कागदावर उभी राहते, सूत्राचे नाव निघतच नाही. (चर्चेत तावातावाने बोलणाऱ्यांना एवढी पायपीट कुठली परवडायला!)

मात्र असे कागद मागणाऱ्या अर्जावर अर्जदाराचे नाव असतेच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतचे जमीन व्यवहार माहिती अधिकारातून उघडे पाडणारे सतीश शेट्टी यांचा 13 जानेवारी 2010 रोजी तळेगाव दाभाडेत सकाळी फिरायला निघाले असताना खून झाला.

लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’सारख्या लष्करी ठाण्यांची गोष्ट निराळी. तिथली गुप्त माहिती छापली, तर 1923चा शासकीय गुपिते कायदा सूत्रासह पत्रकारालाही लागू शकतो.