आधी खाली वाकून बघ

पोरी, शेजारच्या शेतावरच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एमजीबी गाडी पडून आहे म्हणालीस. बघायला जाशील तेव्हा आधी बॉनेट उघडू नकोस. इंजिन दिसलं की जीव जडतो आणि मग दुसरं काही दिसत नाही. चटई, टॉर्च आणि बोथट स्क्रूड्रायव्हर घेऊन जा आणि दारांखालची सिल बघ.

इथल्या मिडलंड्समध्ये माझं आयुष्य अशा गाड्यांखाली गेलं, म्हणून हे ठामपणे सांगतो. आधीच्या एमजीए मॉडेलला वेगळी चासी होती. १९६२ साली अॅबिंग्डनच्या कारखान्यातून आलेल्या एमजीबीला ती नाही, पत्र्याचं अंगच सगळं वजन पेलतं. रोडस्टर असेल तर छपराचाही आधार नाही, भार जातो दोन सिलवर. आणि सिल म्हणजे एकच पत्रा नव्हे. बाहेरचा, आतला आणि दोघांमधला पडदा, शिवाय खालून कॅसल रेल. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, ते पाण्याबरोबर आत शिरतं आणि गंज आतून बाहेर येतो. कित्येकांनी कुजलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवून रंग मारलेला असतो. म्हणून मधे न बघता टोकं बघ, पुढच्या मडगार्डच्या मागे, खालच्या कोपऱ्यात. तिथे चिखल साचून राहतो. स्क्रूड्रायव्हरने टोच. टणक आवाज हवा. भुसभुशीत लागलं की समज.

मग उभी राहा आणि दाराच्या मागची फट वरपासून खालपर्यंत बघ. वर चिंचोळी आणि खाली रुंद असेल तर गाडी मधे खचली आहे. मालकाची परवानगी घेऊन जॅक लाव. जॅकची जागाच आत दबली किंवा उचलल्यावर दार अडकायला लागलं, तर उत्तर मिळालं. जॅकच्या भरवशावर मात्र गाडीखाली कधी शिरायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय हातसुद्धा घालू नकोस. पुट्टी शोधायला लोहचुंबक फिरव. सुरुवातीच्या एमजीबींचं बॉनेट अॅल्युमिनियमचं असतं, तिथे चुंबक चिकटला नाही तर घाबरू नकोस. आसनांमागे बॅटरीच्या खाचा आहेत, त्याही बघ, आणि मागचे पाटे अंगाला जिथे जोडलेत ती जागाही.

इंजिनाची चिंता सगळ्यांत कमी. १७९८ सीसीचं साधं, दणकट इंजिन आहे आणि त्याचे सुटे भाग आजही मिळतात. जाम असेल तरी गाडी नाकारू नकोस. स्टार्टर मारू नकोस, एवढंच. प्लग काढून आत पातळ तेल सोड, काही दिवस मुरू दे, मग चौथ्या गिअरमध्ये गाडी हलकेच मागेपुढे कर. ब्रेकची नळ्यांसकट सगळी यंत्रणा नवी करायचीच, असं धरून चाल.

काळे रबरी बंपर दिसले तर नाक मुरडू नकोस. १९७४ च्या अखेरीस अमेरिकेच्या नियमांपायी ते आले आणि गाडीही उंच झाली. शौकीन त्यांना कमी लेखतात, म्हणून अशा गाड्या स्वस्तात मिळतात. पहिल्यांदा हात घालणाऱ्याला मी तीच गाडी सुचवेन.

दोन्ही सिल, कॅसल रेल आणि पाट्यांच्या जागा, हे सगळंच गेलं असेल तर पार्टसाठीच घे. अशा गाड्या पाच लाखांहून अधिक बनल्या; एक सुटी केली तर दुसऱ्या दोन-तीन रस्त्यावर राहतात, यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. अपवाद दोनच. ओढून उघडायच्या हँडलची अगदी सुरुवातीची गाडी आणि १९७३ ते ७६ मधली कारखान्याची व्ही-८ जीटी, म्हणजे पक्क्या छपराची. या मोडायच्या नाहीत, कितीही गंजलेल्या असोत. पार्ट काढताना ओव्हरड्राइव्ह आधी बघ. नुसत्या बटणावर विश्वास न ठेवता गिअरबॉक्सच्या मागे त्याचा जाडजूड डबा आहे का ते खालून तपास. तारांची चाकं असतील तर हबचे दाते बघ, टोकदार झाले असतील तर झिजलेत.

सिल बदलायची ठरलीच, तर कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवं लोखंड वेल्ड करून घे. नाहीतर अंग वाकेल आणि दारं पुन्हा कधी नीट लागणार नाहीत.

कागद शेवटी, पण पैशांच्या आधी. बॉनेटखालच्या पाटीवरचा नंबर जीएचएनने सुरू झाला तर रोडस्टर, जीएचडीने झाला तर जीटी. तो कागदावरच्या नंबराशी जुळव. व्ही५सी हे नोंदणीपत्र मालकीचा पुरावा नाही, त्यावर फक्त नोंदणीकृत ताबेदाराचं नाव असतं. म्हणून विकणाऱ्याकडून सही केलेली पावती घे. सिलच्या चारही टोकांचे, बॅटरीच्या खाचांचे आणि त्या पाटीचे फोटो मला आज रात्रीच पाठव. किमतीचं बोलणं त्यानंतर करू.