भिंत कोरली, पण आतल्या वायरिंगचं काय?

दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार आईची फाइल घेऊन आले होते. खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी डिस्चार्ज कार्ड टेबलावर ठेवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "डॉक्टर, आईच्या हृदयातला ब्लॉक काढायचा म्हणून मुंबईला नेलं. ब्लॉक निघाला, असं तिथं सांगितलं. मग इथं 'कम्प्लीट हार्ट ब्लॉक' का लिहिलंय? आणि ही बॅटरी कशाला बसवली?"

प्रश्न रास्त होता. त्यांच्या मनात फसवणुकीची शंका होती, तीही मला समजत होती. पण कुणी फसवलं नव्हतं. घोळ एका शब्दाचा होता.

आपल्याकडे 'ब्लॉक' म्हटलं की अँजिओप्लास्टी आठवते. पण हृदयाला नळ आहेत, दार आहे आणि वीजही आहे, आणि ब्लॉक या तिन्ही ठिकाणी होऊ शकतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या म्हणजे नळ. तिथे चरबी साचली की आपण 'ब्लॉकेज' म्हणतो. डाव्या कप्प्यातून रक्त शरीराकडे जातं ती वाट म्हणजे दार. आणि ठोक्याचा संदेश वरून खाली नेणाऱ्या तंतूंचं जाळं म्हणजे वीज. या आईंचा अडथळा दारात होता, तो काढला. तो काढताना विजेची वायर दुखावली. कागदावरचा 'हार्ट ब्लॉक' हा विजेचा.

दार का अडतं?

या आजाराचं नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. रक्तदाब किंवा झडपेचा दोष यांसारखं दुसरं कारण नसताना हृदयाचा स्नायू जाड होतो. मोठ्या माणसात ही भिंत १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड भरली की आम्ही या आजाराचा विचार करतो. साधारण पाचशे माणसांत एकाला तो असतो, म्हणजे वाटतो तितका दुर्मीळ नाही. जाडी बहुधा दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यात असते. हा पडदा फुगून दाराशी आला की जिना चढताना दम लागतो, छातीत दुखतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

बहुतेकांना गोळ्या पुरतात. गोळ्या घेऊनही त्रास राहिला आणि दाराशी दाबाचा फरक पाऱ्याच्या ५० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असला, तर पडदा कमी करण्याचा विचार होतो. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, छाती उघडून पडद्याचा जाड भाग कापून काढणं. ही शस्त्रक्रिया रुळवणारे अमेरिकेतले सर्जन अँड्र्यू मॉरो स्वतः याच आजाराचे रुग्ण होते. दुसरा, मांडीतून किंवा हातातून नळी नेऊन पडद्याला रक्त देणाऱ्या बारीक धमनीत शुद्ध अल्कोहोल सोडणं. ते एक ते तीन मिलीलिटर, म्हणजे चहाच्या चमच्यापेक्षाही कमी असतं. तेवढा स्नायू मरतो, आकसतो आणि वाट मोकळी होते. ही पद्धत १९९४ मध्ये लंडनमध्ये उलरिक सिगवार्ट यांनी प्रथम वापरली.

वायर नेमकी त्याच भिंतीत

जुन्या घरात दार रुंद करायला गवंडी लावला आणि भिंतीत वायरिंग दडलेलं असलं तर काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. हृदयाची मुख्य वायर याच पडद्यातून उतरते आणि तिला दोन फाटे फुटतात, एक उजवा आणि एक डावा. एक फाटा तुटला तरी दुसऱ्यावर काम चालतं आणि रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. दोन्ही तुटले की वरचा संदेश खाली पोचत नाही. नाडी तीस-चाळीसवर येते, माणूस कोसळतो. हाच कम्प्लीट हार्ट ब्लॉक.

अल्कोहोलने बहुधा उजवा फाटा दुखावतो, जवळपास निम्म्या रुग्णांत. शस्त्रक्रियेत बहुधा डावा. म्हणून ज्याचा डावा फाटा आधीपासून बंद आहे त्याला अल्कोहोलची पद्धत जोखमीची, आणि ज्याचा उजवा बंद आहे त्याला शस्त्रक्रियेत पेसमेकर, म्हणजे ती बॅटरी, लागण्याची शक्यता जास्त. हे सगळं आधीच्या साध्या ईसीजीवर दिसतं. त्या आईंच्या फाइलमध्ये तळाशी दोन वर्षांपूर्वीची ईसीजीची पट्टी होती. तिच्यावर डावा फाटा बंद असल्याची खूण स्पष्ट होती. वय आणि मधुमेहामुळे छाती उघडणं धोक्याचं, म्हणून डॉक्टरांनी विचार करून अल्कोहोल निवडलं होतं. पेसमेकर लागू शकतो, हे त्यांना माहीत होतं. संमतीपत्रावर ते लिहिलेलंही होतं, फक्त मराठीत कुणी समजावलं नव्हतं.

अल्कोहोलच्या पद्धतीनंतर ढोबळमानाने दहापैकी एका रुग्णाला कायमचा पेसमेकर लागतो. अनुभवी हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर हे प्रमाण बरंच कमी असतं. पेसमेकर लागला म्हणजे उपचार फसला असं नाही.

घरी जायची घाई नको

विजेचा हा ब्लॉक कधी टेबलावरच होतो, कधी काही तासांनी, तर कधी सगळं सुरळीत वाटत असताना काही दिवसांनी. म्हणून अल्कोहोल दिल्यावर तात्पुरत्या पेसमेकरची वायर एक-दोन दिवस ठेवतात आणि त्यानंतरही काही दिवस मॉनिटरवर लक्ष ठेवतात. "पेशंट हिंडतोय, फिरतोय, मग कशाला अडकवून ठेवलंय?" असं म्हणून नातेवाईक सुट्टीसाठी मागे लागतात. तसं करू नका. नाडी थांबायची असेल तर ती कसारा घाटात थांबण्यापेक्षा दवाखान्याच्या खाटेवर थांबलेली बरी.

सुरगाणा-पेठकडच्या रुग्णांना मी पहिले दोन आठवडे नाशकातच पाहुण्यांकडे राहायला सांगतो. या काळात एकट्याने झोपू नका. न्हाणीघराची कडी आतून लावू नका. गाडी, ट्रॅक्टर चालवू नका. विहिरीवर किंवा शेततळ्याच्या काठावर एकटे जाऊ नका. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून घसरलेला धडधाकट माणूसही सहज वर येत नाही, मग भोवळ आलेल्याचं काय?

नाडी मोजायला शिका

घरात एकाला तरी नाडी मोजता आली पाहिजे. रुग्णाच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली तीन बोटं हलकी टेकवा. तुमचा अंगठा वापरू नका, त्याला स्वतःचीच नाडी लागते. घड्याळाचा सेकंदकाटा पाहत पूर्ण एक मिनिट मोजा. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, वहीत आकडा लिहा. आकड्याइतकीच महत्त्वाची आहे लय. ठोके समान अंतराने पडताहेत की कसेही?

मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या चालू असतील तर पन्नास-साठची नाडी चालते, त्यासाठी गोळी परस्पर बंद करू नका. पण नाडी पन्नासच्या खाली आणि सोबत चक्कर किंवा दम असेल, ठोके एकाएकी वेडेवाकडे पडू लागले, किंवा माणूस क्षणभर जरी बेशुद्ध पडला, तर थांबायचं नाही. आडवं झोपवा, पाय वर उचला, १०८ ला फोन करा. शुद्ध नाही आणि श्वासही नाही, तर छातीच्या मधोमध जोरात आणि भराभर दाब द्यायला लागा.

आणि एक नेहमीची चूक. छातीत कळ आली की घरातली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली जाते. नळाच्या ब्लॉकेजला ती उपयोगी आहे, ज्यांना डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यांनी ती घ्यावीच. पण जाड पडद्याने दार अडलेल्या रुग्णाचा रक्तदाब त्या गोळीने धाडकन उतरू शकतो. या आजारात ती विचारल्याशिवाय देऊ नका. शरीरात पाणी कमी पडलं तरी हेच होतं. एप्रिलच्या उन्हातली खरड छाटणी, चैत्रात उपाशीपोटी सप्तशृंगी गड चढणं, निर्जळी उपवास हे या रुग्णांनी टाळावं.

धडधड, आणि त्यापुढचा धोका

विजेचा पहिला बिघाड म्हणजे हार्ट ब्लॉक. दुसरा बिघाड वरच्या कप्प्यांचा. ते नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात, याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुधा आवरतं. पण या आजारात पुढे कधीही होऊ शकतं. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी मेंदूत गेली तर लकवा. म्हणून इतर जोखीम असो-नसो, या रुग्णांना सहसा रक्त पातळ करणारी गोळी द्यावी लागते. "आता धडधड थांबली" म्हणून ती सोडू नका.

तिसरा बिघाड सर्वांत घातक: खालच्या कप्प्यांचे बेफाम ठोके. दार मोकळं झालं तरी स्नायूचा मूळ आजार शिल्लक राहतो, आणि ही भीतीही. घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू, कारण न कळलेली बेशुद्धी, ३० मिलिमीटर किंवा जास्त जाडी, यांपैकी काही असेल तर आयसीडी या यंत्राबद्दल डॉक्टरांशी वेगळं बोला. पेसमेकर मंद हृदयाला चालवतो. आयसीडी बेफाम हृदयाला झटका देऊन लयीत आणतो. एकाचं काम दुसऱ्याने होईल असं धरून चालू नका.

बॅटरी बसल्यावर

पहिले चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नका, म्हणजे मांडवाच्या तारा बांधणं बंद. पण हात गळ्यात अडकवूनही ठेवू नका, खांदा आखडतो. मोबाइल दुसऱ्या बाजूच्या कानाला लावा, त्या बाजूच्या वरच्या खिशात ठेवू नका. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर ठेवा. वेल्डिंगपासून लांब राहा. देवस्थानातल्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून न रेंगाळता सरळ पुढे जा आणि कार्ड जवळ ठेवा. पेसमेकर किती ठोक्यांवर लावला आहे तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नाडी त्याखाली गेली तर कळवा. एमआरआय करायची वेळ आली तर आधी कार्ड दाखवा. तपासणीची तारीख चुकवू नका, बॅटरी किती उरली आणि वायर ठीक आहे की नाही ते तिथेच कळतं.

खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. नाशकात शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयातही चौकशी करता येईल.

त्या बागायतदारांना शब्दाचा घोळ कळला, चेहरा निवळला. ते उठू लागले तेव्हा मी त्यांना पुन्हा बसवलं. हा आजार बऱ्याचदा वारशाने येतो. आई किंवा वडिलांमध्ये तो जनुकीय दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते. त्यांचा स्वतःचा टूडी इको कधी झालाच नव्हता. मग त्यांनाच टेबलावर झोपवलं. पडदा १७ मिलिमीटर निघाला. त्रास काहीही नाही, दारही मोकळं. आज फक्त नजर ठेवायची आहे, पण ती आता ठेवली जाईल.

तेव्हा वाचकहो, घरात कुणाच्या हृदयाचा पडदा जाड असल्याचं निदान झालं असेल तर दोन गोष्टी कराच. पडदा कमी करायला जाण्याआधी जुना ईसीजी सोबत न्या आणि विचारा, "वायरचा कोणता फाटा आधीच बंद आहे? पेसमेकर लागण्याची शक्यता किती? किती दिवस मॉनिटरवर ठेवणार?" आणि रुग्णाची सख्खी भावंडं आणि मुलं यांचा ईसीजी आणि टूडी इको करून घ्या. एकदा नॉर्मल आला तरी दर काही वर्षांनी पुन्हा करा, कारण जाडी उशिराही दिसू लागते.