तिलक आणि प्रतिभा

मुलांनो, गायनस्पर्धेत तुम्ही कधी भाग घेतला आहे का? आपले नाव पुकारले जाते, आपण मंचावर जाऊन बसतो, तंबोऱ्याचा सूर कानांवर येतो आणि नेमकी तेव्हाच घशाला कोरड पडते. साताऱ्याच्या मुलाची जी गत होते, तीच समुद्रापलीकडे अबुधाबीच्या मुलाचीही होते.

अबुधाबी ही संयुक्त अरब अमिरातीची राजधानी. सात अमिरातींच्या या देशात ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात. राजधानीतील ‘इंडिया सोशल अँड कल्चरल सेंटर’ ही संस्था भारतीय मुलांसाठी अनेक वर्षे युवक महोत्सव भरवत आली आहे. गायन, नृत्य अशा नाना प्रकारांत तेथे चढाओढ होते. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या मुलांना ‘तिलक’ आणि ‘प्रतिभा’ या नावांच्या पदव्या देण्याची प्रथाही तेथे पडली.

ही नावे आली कोठून? केरळातून. अमिरातीत केरळचे लोक फार मोठ्या संख्येने आहेत. माणूस परदेशी जातो तो आपले उत्सव बरोबर घेऊनच. आपण नाही का गणपती नेला!

केरळात १९५७ सालापासून शालेय कलामहोत्सव भरतो. १९८६ साली तेथे दोन पदव्या सुरू झाल्या. मुलींसाठी ‘कलातिलकम्’ आणि मुलांसाठी ‘कलाप्रतिभा’. एकाच विद्यार्थ्याने निरनिराळ्या प्रकारांत मिळवलेल्या गुणांची बेरीज करून त्या दिल्या जात. येथेच घोटाळा झाला. जी मुलगी वर्षभर केवळ गाण्याचा रियाज करते, तिची बेरीज मोठी होणार कशी? पाच-सहा प्रकारांत उतरणारी मुलगी सहज पुढे जाई. मग प्रत्येक नृत्यासाठी वेगळा पोशाख, वेगळे गुरुजी आणि त्या सर्वांचा खर्च! ज्यांना तो परवडत नसे, त्यांनी काय करावे? पालकांमध्ये ईर्ष्या वाढली. निकालाविरुद्ध अपिले होऊ लागली, काही तंटे न्यायालयापर्यंत गेले. अखेर २००६ साली या पदव्या बंद करण्यात आल्या. पुढे क्रमांकांऐवजी श्रेणी आली. ठरावीक दर्जा गाठणाऱ्या प्रत्येकाला ‘अ’ श्रेणी मिळू लागली, मग अशी मुले दोन असोत की वीस.

हा बदल मला योग्य वाटतो. तरीही पहाटे उठून सूर घोटणाऱ्या मुलाला ‘तू पहिला आलास’ हे शब्द ऐकावेसे वाटतात, हेही खोटे नाही. तुम्हांला काय वाटते?

पदव्या नव्हत्या त्या काळातील एक छायाचित्र केरळात फार प्रसिद्ध आहे. ते १९५८ च्या महोत्सवातील आहे. त्या वर्षी गायनात पहिला आलेला अठरा वर्षांचा मुलगा गात आहे आणि मृदंगवादनात पहिला आलेला, त्याच्याहून लहान मुलगा त्याला साथ करत आहे. गाणारा मुलगा म्हणजे के. जे. येसुदास. ‘चितचोर’ (१९७६) या हिंदी चित्रपटातील त्यांची गाणी तुमच्या घरी नक्कीच कोणीतरी गुणगुणत असेल. आणि मृदंग वाजवणारा मुलगा म्हणजे पी. जयचंद्रन. पुढे तेही नामवंत झाले, पण मृदंगवादक म्हणून नव्हे, गायक म्हणून!