उष्णतारोधक साच्यांतील काँक्रीटचे घर

मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरात वैशाखातील दुपारही सुसह्य असे. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि छतावरील मातीचा जाड थर यांचा तो गुण होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात मात्र याच भिंतींखाली व माळवदांखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. भिंतीचे आतले व बाहेरचे अंग सांधणारे आरपार दगड बहुधा नसत. मातीत सांधलेली भिंत हादऱ्याने फुटली आणि छताचा सारा भार खाली आला. त्यानंतर लोकांचा ओढा सिमेंट-काँक्रीटकडे वाढला, हे स्वाभाविकच होय. परंतु पातळ भिंतींचे व उघड्या स्लॅबचे घर उन्हाळ्यात भट्टीसारखे तापते. भूकंपात टिकणे आणि उन्हाळ्यात राहण्याजोगे असणे, या दोन्ही अपेक्षा एकच भिंत पुऱ्या करू शकेल काय?

अमेरिका व कॅनडा या देशांत रूढ झालेली एक पद्धत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. काँक्रीट घट्ट झाले की साचा काढावयाचा, ही आपली नेहमीची रीत. येथे साचा काढावयाचाच नसतो. तो थर्माकोलच्या पोकळ ठोकळ्यांचा असतो. ठोकळे एकमेकांत अडकवून भिंत रचतात, पोकळीत उभ्या-आडव्या सळया बांधतात आणि मग काँक्रीट ओततात. मध्ये सुमारे १५ सेंटिमीटर सलोह काँक्रीट आणि दोन्ही अंगांस पाच-सहा सेंटिमीटर थर्माकोल, अशी भिंत तयार होते. बळकटी काँक्रीटची, आणि उष्णता अडविण्याचे काम थर्माकोलचे. पाच सेंटिमीटर थर्माकोल जेवढी उष्णता अडवितो, तेवढी अडविण्यास विटांची भिंत सुमारे एक मीटर जाडीची लागेल. शिवाय साच्यामुळे काँक्रीटमधील ओल टिकते आणि भिंतीवर पाणी मारण्याची गरज पुष्कळच कमी होते. टंचाईच्या गावी ही गोष्ट लहान नव्हे.

धोका आहे तो देखरेखीचा. काँक्रीट एकदम वरपर्यंत ओतले तर साचा फुगतो, प्रसंगी फुटतो. म्हणून ते तीन-चार फुटांच्या टप्प्यांनी ओतावे लागते. नीट ठासले नाही तर आत पोकळ्या राहतात, आणि साचा कायमचाच असल्याने त्या कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. नेहमीच्या बांधकामात फळ्या काढताच कंत्राटदाराचे काम उघडे पडते. येथे ती सोय नाही. काँक्रीट ओतताना अभियंता जागेवर हजर नसेल, तर ही पद्धत न स्वीकारलेली बरी. थर्माकोल ज्वलनशील असल्याने आतून-बाहेरून जाळी मारून गिलावा करणे अनिवार्य ठरते. जमिनीलगत वाळवीचा बंदोबस्तही हवाच, कारण थर्माकोल पोखरून ती आडून वर चढते.

आपल्याकडील प्रयोगांत लखनौचा उल्लेख करावा लागेल. केंद्र शासनाच्या ‘लाइट हाऊस’ प्रकल्पांपैकी तेथील घरकुलांत, साचा जागीच ठेवून आत काँक्रीट भरण्याची पद्धत वापरली गेली. मात्र तो साचा थर्माकोलचा नसून पीव्हीसीचा होता.

ग्रामीण घरकुलाच्या बाबतीत आणखी एक विचार आवश्यक आहे. दगडी भिंत रात्री निवे आणि दिवसा खोलीतील उष्णता स्वतःत ओढून घेई. थर्माकोलच्या आतल्या थरामुळे काँक्रीटचा तो उपयोग खोलीस फारसा होत नाही. ज्या घराचे दार दिवसभर उघडे असते, तेथे भिंतीवर केलेला खर्च अर्धा वाया जाईल. या पद्धतीचा खरा लाभ आहे तो वातानुकूलित वास्तूंना: लस साठविण्याची खोली, शस्त्रक्रियागृह, संगणक कक्ष. एकमजली घरात उन्हाळ्याचे ऊन सर्वाधिक पडते ते छतावर. ‘इको निवास संहिता २०१८’ हिने भिंतींबरोबरच छतातून होणाऱ्या उष्णतावहनासही वेगळी मर्यादा घातली आहे, ती याच कारणाने. तेव्हा ग्रामपंचायतीपुढे घरकुलाचा आराखडा आला, तर भिंतीच्या आधी स्लॅबवर काय घातले आहे ते विचारावे. पांढऱ्या चुन्याचा हात किंवा फुटक्या चिनी मातीच्या फरश्यांचा थर गावातील गवंडीही देऊ शकतो, आणि त्यासाठी परगावाहून साचे आणावे लागत नाहीत.