पावणेचारशे वर्षांपूर्वीचे लाकडी घर



अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात डेडहॅम हे गाव आहे. तेथे फेअरबँक्स घराण्याचे घर आजही उभे आहे. उत्तर अमेरिकेत टिकलेल्या लाकडी सांगाड्याच्या घरांत ते सर्वांत जुने मानतात. जोनाथन फेअरबँक्स व त्यांची पत्नी ग्रेस आपल्या सहा मुलांसह इंग्लंडहून तेथे गेले. डेडहॅम १६३६ साली वसले. पण ती जमीन ओसाड नव्हती. तेथे पूर्वीपासून मॅसॅच्युसेट लोक राहत. १६१६ ते १६१९ च्या साथीत त्यांतले पुष्कळ लोक दगावले होते. हेही आपण विसरू नये.

घराची रचना साधी आहे. मधोमध विटांचे मोठे धुराडे, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खोली आणि वर माडी. तिथे हिवाळ्यात बर्फ पडते. मधल्या एका धुराड्यामुळे दोन्हीकडे ऊब मिळते. छप्पर उतरते, म्हणून बर्फ साचून राहत नाही. पुढे कुटुंब वाढले, तशा बाजूंना खोल्या जोडल्या.

खांब-तुळया ओक लाकडाच्या आहेत. एका लाकडाला भोक पाडून दुसऱ्याचे टोक त्यात बसवायचे आणि वरून लाकडी खुंटी ठोकायची. माझे दादा सुतारकाम करतात. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "अरे, आपल्या वाड्यांचे सांधेसुद्धा असेच असतात की!"

आता घराचे वय कसे कळले? ओक झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. पाऊसपाणी चांगले झाले तर रुंद, नाहीतर अरुंद. तुळईतील वलयांचा क्रम वय माहीत असलेल्या लाकडांशी जुळवला, की झाड कधी तोडले ते समजते. त्या काळी तिथे ओले लाकूडच वापरीत, म्हणून तोडल्यावर लवकरच घर बांधले असणार. त्यावरून हे घर १६३७ ते १६४१ च्या सुमाराचे ठरले. १६४१ साली आपले शिवराय ११ वर्षांचे होते!

१९०४ पर्यंत त्याच घराण्याच्या आठ पिढ्या तिथे राहिल्या. नंतर घराण्याच्या मंडळाने ते जपले. आज ते संग्रहालय आहे.

आपल्या गावातलेही जुने वाडे एकेक करून पडत आहेत. सगळे राखता येणार नाहीत. पण पालकहो, वाडा उतरवाल तेव्हा सागवानी तुळईचा एक तुकडा शाळेला द्या. सागाचीही वलये स्पष्ट दिसतात. ती आम्ही मोजू. आणि मित्रांनो, घर कोणी बांधले, लाकूड कुठून आणले, हे आजी-आजोबांना आजच विचारून वहीत लिहा. लाकूड वय सांगते, पण माणसांची नावे आजोबाच सांगतात.

— इयत्ता सातवी