‘एन्डोगॅमी’ : एका शब्दाची फोड

हा शब्द आम्ही फळ्यावर लिहिला की विद्यार्थी हमखास हसतात. उच्चारानुसार त्याचे चार अवयव पडतात : एन्–डॉग्–अ–मी, आघात दुसऱ्यावर. मुलांना त्यात कुत्रा सापडतो! परंतु उच्चाराचे अवयव निराळे आणि व्युत्पत्ती निराळी. मूळ ग्रीक शब्द पाहता फोड दोनच भागांत होते : ‘एन्डॉन’ म्हणजे आत आणि ‘गामोस’ म्हणजे विवाह. ‘एन्डोस्कोपी’तील ‘एन्डो’ तोच. जीवशास्त्रातील ‘गॅमीट’, म्हणजे युग्मक, हाही ‘गामोस’च्याच कुळातला. गटाच्या आतच होणारा विवाह तो अंतर्विवाह. ‘एक्सो’ म्हणजे बाहेर. म्हणून ‘एक्सोगॅमी’ हा बहिर्विवाह. देवक एकच निघाले तर आपल्याकडे सोयरीक होत नाही, ती याच नियमाने. ही जोडी स्कॉटिश विद्वान मॅक्लेनन यांनी १८६५ मध्ये प्रचारात आणली.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी याच दोन शब्दांच्या आधारे जातीची उकल केली : बहिर्विवाही समाजावर अंतर्विवाह लादला गेला आणि त्यातून जात जन्मली. पुढे मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगाव परिषदेत शाहू महाराजांनी त्यांच्या नेतृत्वाचा जाहीर गौरव केला.

आपल्या वसतिगृहात पंगत एक, वंदनाही एक. तरीही धम्मदीक्षेनंतर सोयरीक जुळवताना आपल्यापैकी अनेक जण पोटजात विचारतात. हा शब्द शिकवताना तेच आम्हांस सलते. म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना विनंती : पुढल्या बैठकीत तो प्रश्न विचारू नये.