जनाची लाज आणि मनाची लाज

‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न आपल्या घरांतून दिवसाकाठी किती वेळा विचारला जातो, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. मुलीचे लग्न कर्ज काढून थाटाने होते ते या प्रश्नापोटी, आणि ओसरीवर हळदीकुंकू चालले असता घरातील विधवा जाऊ माजघरात बसून राहते तीही या प्रश्नापोटीच. हे भय सर्वस्वी वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. शेजाऱ्यांच्या धाकाने पुष्कळ माणसे सरळ चालतात. परंतु जनाची लाज हा दारावरचा पहारा होय. घराची मालकीण मनाची लाज आहे. पहारेकऱ्याने मालकिणीलाच गप्प बसविले, म्हणजे अनर्थ ओढवतो.

महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. स्वभावाने ते भिडस्त होते. तरीही पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्याची झळ घरच्या माणसांनाही लागली. अण्णांनी निश्चय सोडला नाही आणि लोकांशी वैरही धरले नाही. १८९६ साली त्यांनी पुण्यात विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे तो हिंगण्यास गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून ते तेथवर पायी जात आणि वर्गणीसाठी समाजाच्याच दारी उभे राहत. पुनर्विवाहाचा प्रचार मात्र त्यांनी आश्रमाच्या कामात मिसळू दिला नाही, कारण मुली पाठविणाऱ्या पालकांचा विश्वास त्यांना हवा होता. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले आणि १९५८ साली राष्ट्राने त्यांना भारतरत्न दिले.

यातून घ्यावयाचा बोध असा, की लोकांचे भय सोडणे निराळे आणि लोकांना सोडणे निराळे. अण्णांनी पहिले केले, दुसरे केले नाही.

हे आपल्याला कसे साधेल? भय वाटले की प्रथम विचारावे : हे ‘लोक’ म्हणजे नेमके कोण? नावे मोजू लागले तर ती बहुधा चार-पाचच निघतात. मग विचारावे : पाहणारे कोणी नसते, तर आपण हेच केले असते काय? उत्तर ‘होय’ आले, तर ते काम मनाच्या लाजेला मान्य आहे असे समजावे. तिसरी गोष्ट, त्या चार-पाचांतील एकाला प्रत्यक्ष विचारून पाहावे. त्या विधवा जावेला कुंकू लावण्यास सासूची हरकत नसते, नणंदेची नसते, शेजारणीचीही नसते. पण प्रत्येकीला दुसरीचे भय वाटते, आणि कोणीच कोणाला विचारीत नाही.

तेव्हा ज्यांना आपण भितो, त्या लोकांत आपणही आहोत. येत्या चैत्रातील हळदीकुंकवाला कोणीतरी उठून माजघरात जावे आणि तिला हाताला धरून बाहेर आणावे. मागची दुसरी बाई त्याच क्षणाची वाट पाहत असेल.